‘मी’चा समुद्र आणि ‘आम्ही’ची नौका

मराठी वाङ्मयात समुद्र नाही, अशी तक्रार अधूनमधून कानी येते. ती अक्षरशः खरी नव्हे. संतांच्या अभंगांत भवसागर पदोपदी भेटतो. परंतु तो तरून जाण्यासाठी असतो, त्यावर राहण्यासाठी नव्हे. सावरकरांची ब्रायटनच्या किनाऱ्यावरील १९०९ सालची कविता प्रत्येक मराठी माणसाच्या ओठी आहे. पण तिच्यातील कवी काठावर उभा आहे. कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ मात्र आपणांस प्रत्यक्ष जहाजावर घेऊन जाते. ‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून किती पिढ्यांनी ते गीत छाती पुढे काढून म्हटले असेल! तथापि त्या गीतात बोलतो तो एकटा कोलंबस. खलाशी आहेत, त्यांना धीर दिला जातो, शिडे उभारण्याची आज्ञाही होते. परंतु ते उलट काय म्हणाले हे काही आपणांस कळत नाही. ह्या न ऐकू आलेल्या उत्तराविषयीच आम्हांस आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

इचलकरंजीसारख्या मागांच्या गावी राहणाऱ्या, पंचगंगेच्या पुरापलीकडे मोठे पाणी फारसे न पाहिलेल्या प्राध्यापकाने सागरी शर्यतींच्या ग्रंथांवर टीका लिहावी, हे वाचकांस हास्यास्पद वाटेल. शिडाच्या नौकेवर आम्ही आयुष्यात पाऊल ठेवलेले नाही, हे प्रथमच कबूल करतो. पण ग्रंथकर्त्याने जे भोगले ते त्याच्या शब्दांत उतरले की नाही, हे पाहण्यास नौका लागत नाही, वाचन लागते. ते आम्ही काही वर्षे आवडीने केले आहे.

शिडाच्या नौकांच्या दीर्घ शर्यतींचे आधुनिक वाङ्मय सुरू झाले ते १९६८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीपासून, असे म्हणण्यास हरकत नाही. एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, हा पण. नऊजण निघाले आणि एक पोचला. तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ‘सुहेली’ नावाच्या बत्तीस फुटी सागवानी नौकेतून तो १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तेथेच परतला. त्याचा ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ हा ग्रंथ साध्या, कामकरी गद्याचा उत्तम नमुना आहे. नौकेचा सांधा गळू लागतो, तेव्हा हा गृहस्थ समुद्राच्या मधोमध पाण्याखाली उतरून त्या फटीत कापूस ठासतो आणि ते एखाद्या सुताराने गिऱ्हाइकास सांगावे तसे सांगतो. कोठेही आवाज चढत नाही.

त्याच शर्यतीतील बर्नार मोइतेसिए हा फ्रेंच खलाशी विजयाच्या उंबरठ्यावर असता शर्यत सोडून देतो, जवळून जाणाऱ्या जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकून तसे कळवितो, आणि पुन्हा पूर्वेकडे वळून ताहितीस जातो. त्याचा ग्रंथ ऋषीच्या थाटाचा आहे. तिसरा डोनाल्ड क्राउहर्स्ट. हा अटलांटिक महासागराबाहेर गेलाच नाही. बिनतारी संदेशांतून मात्र आपली खोटी ठिकाणे कळवीत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका निर्मनुष्य सापडली. तीवरील वह्यांतून टोमलिन व हॉल ह्या दोन वृत्तपत्रकारांनी सत्य उलगडले आणि एक हृदयविदारक ग्रंथ लिहिला. विजेत्याने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्राउहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले, ही गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

कामकरी, विरागी आणि असत्यवादी, असे हे तीन पुरुष आणि त्यांचे तीन ग्रंथ. तिन्ही ‘मी’चे ग्रंथ आहेत, तिसरा तर ‘मी’ कसा फुटतो ह्याचाच इतिहास आहे. पुढील अर्धशतकात ह्या प्रकारच्या वाङ्मयावर ह्या तिघांची छाया पडलेली दिसते, आणि त्याचे कारण उघड आहे. एकट्या खलाशाचा प्रवास ग्रंथाला आयता साचा पुरवितो. नायक एक, प्रतिपक्षी समुद्र, आरंभ किनारा, शेवट किनारा, आणि हाती रोज लिहिलेली वही. टीकाकारालाही हे सोयीचे, कारण तो वादळाची चर्चा सोडून मनाची चर्चा करू शकतो.

परंतु समुद्रावरील बहुतेक शर्यती एकट्याने होत नाहीत. केपटाउनपासून रिओ द जानेरोपर्यंतची शर्यत घ्या. १९७१ पासून ती चालत आली आहे. अंतर सुमारे साडेतीन हजार सागरी मैल. २ जानेवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या ह्या शर्यतीत भारतीय नौदलाची ‘तारिणी’ पाच अधिकाऱ्यांसह उतरली होती. त्यांत दोन स्त्रिया होत्या. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली तर ती ह्या शर्यतीत बुडविणारी रेघ ठरते, कारण दक्षिण अटलांटिकच्या मध्यभागी हवेच्या उच्च दाबाचा मोठा प्रदेश असतो आणि तेथे वारा पडतो. म्हणून नौका उत्तरेकडे चढून आग्नेयेचा व्यापारी वारा गाठतात. किती चढावे? फार चढले तर अंतर वाढते, थोडे चढले तर शिडे लोंबकळतात. हा निर्णय एकजण सुचवितो आणि त्याचे फळ सर्वजण भोगतात. चूक होती की नाही, हे पुष्कळदा शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही.

दरम्यान दिवसाचे तुकडे पडलेले असतात. सामान्यतः तीन-चार तासांच्या पाळ्या चालतात. अर्धी मंडळी वर, अर्धी खाली झोपलेली. ज्या अंथरुणातून एक उठला त्याच्याच उबेत दुसरा शिरतो. वारा वाढला की शीड आखूड करावयाचे. त्यासाठी एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने दोर सोडावा, तिसऱ्याने डोलकाठीशी जाऊन ओले जड कापड खाली ओढावे. तिघांपैकी एकाचा क्षणभर उशीर झाला, तर कापड टरकन फाटते. आमच्या गावी १९०४ पासून यंत्रमाग चालत आले आहेत आणि रात्रपाळीचा खडखडाट आम्ही जन्मभर ऐकला आहे. त्यामुळे ह्या पाळीचे मर्म आम्हांस थोडेसे कळते असे वाटते. एका कामगाराने अर्धवट सोडलेले कापड दुसरा पुढे विणतो. सकाळी ठाण पाहून कोणता हात कोणाचा हे सांगता येत नाही. दोष निघाला की मात्र तो कोणाच्या पाळीत पडला, ह्याची चौकशी लागलीच सुरू होते! नौकेवरही हेच चालते. रात्री मोठे शीड फाटले, तर त्या वेळी सुकाणूवर कोण होते, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही आणि कोणी विसरतही नाही. पंधरा-वीस दिवस पाचजणांस तो प्रश्न पन्नास-पंचावन्न फुटांच्या लाकडी-काचतंतूच्या पेटीत सोबतीला घेऊन राहावे लागते.

हे सारे कोणत्या सर्वनामात लिहावयाचे? ‘मी’ म्हणावे तर चौघांचे श्रम चोरल्यासारखे होतात. ‘आम्ही’ म्हणावे तर मनुष्ये विरघळून जातात आणि सरकारी अहवालाचा वास येऊ लागतो. इंग्रजी वाङ्मयातील थोरांनाही हा पेच सुटलेला नाही. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाची कथा (१७९८) आरंभी ‘आम्ही’ची आहे. पक्ष्याची हत्या होते आणि तेथून ती ‘मी’ची होऊ लागते, दोनशे सोबती एकामागून एक मरून पडतात, आणि त्या दोनशेंपैकी एकाचेही नाव आपणांस कळत नाही. ‘मी’ बोलता व्हावा म्हणून ‘आम्ही’ला मरावे लागते, असा त्या काव्याचा एक अर्थ आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. कॉनरॅडने १८९७ च्या ‘नार्सिसस’ जहाजावरील कादंबरीत धीट प्रयोग केला. तीतील निवेदक कधी खलाशांना ‘ते’ म्हणतो, कधी ‘आम्ही’ म्हणतो, आणि शेवटी बंदरात मंडळी पांगल्यावर ‘मी’ म्हणतो. टीकाकारांनी ह्यास पुष्कळदा रचनेतील ढिलाई म्हटले आहे. आमचे मत निराळे आहे. जहाजावरील मनुष्य दिवसातून तीन वेळा ह्या तीन सर्वनामांतून जातो. काम करताना तो ‘आम्ही’ असतो, कुरकुर ऐकताना ‘ते’ म्हणतो, आणि झोप न आल्यास ‘मी’ होतो. कॉनरॅड स्वतः खलाशी होता. त्यास हे ठाऊक असल्यावाचून राहिले नसेल.

परंतु ‘आम्ही’ची खरी परीक्षा कल्पितकथेत नव्हे, प्रत्यक्षात झाली. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या आणि वादळात सापडल्या; पंधरा शर्यतकरी मृत्यू पावले. ‘ग्रिमाल्किन’ ह्या तीस फुटी नौकेवर सहाजण होते. नौका पुनःपुन्हा उलथली, तांडेल डेव्हिड शीहन समुद्रात नाहीसा झाला. उरलेल्यांपैकी दोघे निश्चेष्ट पडले होते; ते मेले असे समजून तिघे तराफ्यात उतरले आणि पुढे हेलिकॉप्टरने वाचले. निश्चेष्ट पडलेल्यांतला निक वॉर्ड शुद्धीवर आला तेव्हा नौकेवर कोणी नव्हते. दुसरा, जेरी विंक्स, दोराला अडकून पाण्यात होता. वॉर्डने त्यास वर ओढून घेतले, पण तो थोड्या वेळाने मरण पावला. अर्धी बुडालेली नौका आणि मित्राचा देह सांभाळीत वॉर्ड सुटकेची वाट पाहत राहिला. आपला ग्रंथ त्याने २००७ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, लिहिला.

त्या तिघांस दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? उबदार खोलीत बसून लिहिणाऱ्या आम्हांस तर मुळीच नाही. त्यांना जे दिसले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पण वाङ्मयाच्या दृष्टीने ह्या प्रसंगात जे आहे ते ‘गोल्डन ग्लोब’च्या तिन्ही ग्रंथांत नाही. तराफ्यावर ‘आम्ही वाचलो’ असे जे वाक्य मनात उमटले असेल, त्यातल्या ‘आम्ही’त दोनजण नव्हते, आणि त्यांतला एक जिवंत होता. अठ्ठावीस वर्षे जी गोष्ट लिहिली गेली नाही, ती केवळ समुद्राच्या भीतीने अडली असेल असे आम्हांस वाटत नाही. ती ह्या एका सर्वनामापाशी अडली असली पाहिजे. एकट्याच्या ग्रंथात समुद्राशी हिशेब असतो आणि समुद्र कधी उत्तर मागत नाही. सोबत्यांच्या ग्रंथात माणसांशी हिशेब असतो.

आता आमच्याकडे वळू. ‘सुहेली’ मुंबईस बांधली गेली, हे आमच्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. १९६३–६४ च्या सुमारास कुलाब्याच्या गोदीत आपल्याच सुतारांनी ती हातहत्यारांनी घडविली, आणि मुंबईहून इंग्लंडपर्यंत ती प्रथम तिघांनी मिळून नेली. जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘मी’च्या पायाखाली असा मोठा ‘आम्ही’ आहे. पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्यांनी भारतीयाने एकट्याने प्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. आणि १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० ह्या काळात, वाटेत चार बंदरे घेऊन, दोंदे ह्यांनी मुंबईहून मुंबईपर्यंत प्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांचा ‘द फर्स्ट इंडियन’ हा ग्रंथ आम्ही आदराने वाचला. त्यातील गद्य नॉक्स-जॉन्स्टनच्या कुळातले, म्हणजे निरलंकृत आणि कामाशी काम ठेवणारे आहे. आम्हांस त्यात सर्वाधिक गोडी वाटली ती क्षितिजाची नव्हे, तर नौका उभी राहण्याच्या हकिकतीची. बांधणारा आणि नेणारा अशा दोन अननुभवी माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकला, हाच त्या ग्रंथाचा गाभा होय. नाव ‘पहिला भारतीय’ असे एकवचनी असले, तरी आशय बहुवचनी आहे, आणि हे आम्ही स्तुती म्हणून लिहीत आहो. आमची तक्रार एवढीच की नौका समुद्रात लोटली गेल्यावर हा बहुवचनी आशय क्षीण होतो. तेथे साच्याचा विजय होतो.

एकट्याच्या शर्यतीतही माणूस एकटा नसतो, ह्याचा पुरावा २०१८ साली मिळाला. अभिलाष टॉमी ‘सुहेली’च्या नमुन्यावर गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून ‘गोल्डन ग्लोब’च्या नव्या शर्यतीत उतरले होते. दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीच्या कण्यास इजा झाली. तेव्हा ग्रेगर मॅक्गकिन हा आयरिश प्रतिस्पर्धी स्वतःची डोलकाठी मोडली असतानाही त्यांच्या रोखाने नौका हाकीत निघाला; शेवटी ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. प्रतिस्पर्धी आणि सोबती ह्यांतील अंतर वादळात किती उरते, ह्याचा विचार व्हावयास हवा.

कोणी म्हणेल, मराठीत ‘आम्ही’चे प्रवासगद्य लिहिण्याची परंपराच नाही, मग ही अपेक्षा कशाच्या जोरावर? आमचे उत्तर असे की परंपरा आहे, फक्त ती जमिनीवरची आहे. दिंडी ही आमची नौका. दि. बा. मोकाशी ह्यांचे ‘पालखी’ (१९६४) आणि इरावती कर्वे ह्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पाहा. बाईंच्या लेखात सारी दिंडी एकत्र चालते, एकत्र गाते. आणि जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे निराळी बसते. तेथे त्यांच्या ‘आम्ही’ला तडा जातो आणि त्या तो लपवीत नाहीत. समुद्रावरील ग्रंथास ह्याहून चांगला गुरू आम्हांस दिसत नाही.

शिवाय मराठीस एक साधन जन्मतः मिळालेले आहे, जे कॉनरॅडपाशी नव्हते. इंग्रजीत एकच शब्द आहे; आम्हांस ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. ‘आपण शीड उतरवू’ असे म्हणणारा तांडेल आणि ‘आम्ही शीड उतरविले’ असे मागाहून लिहिणारा खलाशी, ह्यांच्यामध्ये जे घडते तेच ह्या वाङ्मयाचे क्षेत्र. ‘ग्रिमाल्किन’ची गोष्ट मराठीत सांगावयाची झाली, तर ‘आपण’चा ‘आम्ही’ कोणत्या क्षणी झाला हे एका शब्दाने दाखविता येईल. (हा लेखही आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहो, परंतु मासिकांच्या रिवाजातल्या ह्या ‘आम्ही’त एकच मनुष्य आहे, हे वाचक जाणतातच.)

शब्दसंपत्तीचे म्हणाल तर तेथे आमचेच शासन झालेले आहे. एकदा वर्गात कॉनरॅड शिकविताना जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचे वर्णन आले. आम्ही फळ्यावर ते लांबलचक वाक्यच लिहिले. मागच्या बाकावरून, मालवणकडून कामासाठी इकडे आलेल्या कुटुंबातील एक मुलगा म्हणाला, “सर, त्याला मतलई म्हणतात.” मग त्यानेच उधाण आणि भांग ह्या भरतीच्या दोन जाती समजावून सांगितल्या. भांग म्हणजे केसांतला किंवा शिवरात्रीचा, एवढेच आमचे ज्ञान! तीस वर्षे आम्ही समुद्राचे वाङ्मय शिकविले. समुद्राची मराठी मात्र वर्गात बसलेली होती आणि तिला कोणी बोलण्यास सांगितले नव्हते. शब्द नाहीत ही सबब त्या दिवसापासून आम्ही सोडून दिली. शब्द कोळ्यांपाशी, खारव्यांपाशी, भंडाऱ्यांपाशी आहेत. नाही ते त्यांना विचारण्याचे सौजन्य.

‘तारिणी’वर सहा स्त्रियांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ ह्या काळात प्रदक्षिणा केली, त्यांच्या शिक्षणात दोंदे ह्यांचा हात होता. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ ह्या काळात दोघींनी तीच वाट पुन्हा धरली. ह्या मोहिमांचे गौरव झाले ते योग्यच झाले. परंतु गौरव हा ‘त्यां’च्याविषयी असतो. आम्हांस वाचावयाचे आहे ते असे पुस्तक, ज्यात रात्रीच्या तिसऱ्या पाळीत सुकाणू सोपविताना एकीने दुसरीस काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे असेल. मूळ मराठीत लिहिलेला असा ग्रंथ अद्याप आमच्या हाती आलेला नाही. तो कोणा नौदलातील अधिकाऱ्यानेच लिहावा असे नाही. मालवणच्या, हर्णैच्या, वसईच्या नौकांवर आजही तांडेल आणि खलाशी रात्री जाळे ओढतात. त्यांची शर्यत बाजाराशी आणि वाऱ्याशी असते, आणि तिला बक्षीस नसते.

कोलंबस बोलला, उत्तम बोलला. आता खलाशांची पाळी आहे.